वर घेतलेला लेख

दुपारचं जेवण आटोपलं की मी पोर्चमध्ये प्लास्टिकची खुर्ची टाकून बसायचे. कामं दोन होती. टँकर आला तर गेट उघडायचं, आणि तो येईपर्यंत लोकांनी लिहिलेलं वाचायचं. पहिल्या कामाची किंमत सगळ्या कॉलनीला होती. दुसऱ्या कामाबद्दल आमचे हे पाहुण्यांना एवढंच सांगायचे, "शैला मोबाइलवर असते."

मी एका मराठी संकेतस्थळावर निवडकार होते. हा शब्द अनेकांना कळत नाही, म्हणून आधी तो सांगते. संकेतस्थळाचं नाव 'ढाळज'. जुन्या घरात दारातून आत शिरलं की दोन्ही अंगांना बसायची जागा असते, आलागेला तिथं टेकतो, तिला आमच्याकडे ढाळज म्हणतात. तशीच ही जागा. कुणीही यावं, नाव नोंदवावं, आपला ब्लॉग उघडावा आणि मनात येईल ते लिहावं. पुण्याच्या एका कंपनीत नोकरी करणारा अभिजित नावाचा माणूस ती फावल्या वेळात चालवायचा. रोज येणाऱ्या ढिगातून चार-दोन चांगले लेख शोधायचे आणि पहिल्या पानावर ठेवायचे, हे आमचं काम. त्याला आम्ही 'वर घेणं' म्हणायचो. सुपात तांदूळ घेऊन बसावं तसं. फरक इतकाच, की तांदळातला खडा उचलून टाकला तर तो फोन करून भांडत नाही.

मी सरकारी कचेरीत टंकलेखक होते. सगळी नोकरी दुसऱ्यांचा मजकूर टाइप करण्यात गेली. साहेबाच्या मसुद्यातली चूक मला दिसायची, पण ती दुरुस्त करायचा अधिकार नव्हता. म्हणून निवृत्तीनंतर अभिजितनं विचारलं तेव्हा मी लगेच हो म्हणाले. आपल्याला कुणीतरी मत विचारतंय, याचंच अप्रूप वाटलं. पगार नव्हता, रजा नव्हती. सुरुवातीला वाटलं, महिनाभर करून बघू. त्या महिन्याला किती वर्षं झाली ते मोजायचं मी पुढे सोडून दिलं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, वाचायचंच तर काम आहे, त्यात काय दमायचं? दमायला होतं. वाईट लिहिलेलं वाचून होत नाही तेवढं बरं-बरं लिहिलेलं वाचून होतं. शिवाय लेख चोरलेला तर नाही ना, हे बघायचं. त्याची युक्ती सोपी आहे. लेखातलं जरा वेगळं वाक्य उचलायचं आणि इंटरनेटवर शोधायचं, मूळ मालक सापडतो. परभणीच्या एका बाईंच्या पाककृती मी ओळीनं तीन-चार वर घेतल्या होत्या. पुढच्या एकीत 'आमच्या दारच्या माडाचा नारळ' आला. परभणीत माड! शोधलं तर सगळा मजकूर रत्नागिरीच्या एका बाईंचा निघाला. मी फोन केला. बाई अजिबात कचरल्या नाहीत. "पण भाजी मी स्वतः करून बघितली ना! मग माझीच झाली की."

जालन्याचे एक निवृत्त फौजदार रोज एक प्रेमकविता टाकायचे आणि सकाळी दहाच्या ठोक्याला फोन करायचे. "मॅडम, आजची पण वर नाही घेतली?" मी म्हणायचे, "साहेब, आणखी थोडी मुरू द्या." ते म्हणायचे, "हाताखालच्या माणसाला आम्ही पण असंच टोलवायचो." शेवटी एक कविता खरंच बरी आली, म्हणून वर घेतली. त्या दिवसापासून त्यांनी लिहिणंच सोडलं. मी फोन केला तर म्हणाले, "झालं आता. केस निकाली निघाली."

बाकी सगळा कोरडा व्यवहार. ज्याचा लेख वर घेतला त्याला वाटायचं, त्याचा हक्कच होता. ज्याचा नाही घेतला तो वैरी व्हायचा. असं चाललेलं असताना सविता आली.

ती दुष्काळाची वर्षं होती. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं आणि ते चहूबाजूंनी पसरत चाललं होतं. बीड बायपासच्या पलीकडे, जिथं पूर्वी ज्वारी उभी असायची, तिथं आमची कॉलनी झाली. घरं झाली, रस्ते झाले, महापालिकेची पाइपलाइन मात्र आली नाही. बोअर आटले. सगळ्यांच्या टाक्या टँकरवर. आमचे हे कॉलनीचे सेक्रेटरी. ते पाटबंधाऱ्यातून निवृत्त झालेले, म्हणून लोकांनी त्यांच्या गळ्यात पाणी घातलं. सकाळपासून फोन सुरू व्हायचे. "जाधवसाहेब, टँकर कधी?" "जाधवसाहेब, कालचं पाणी मचूळ होतं, पोरीच्या अंगाला खाज सुटली." हे सगळ्यांना शांतपणे उत्तर द्यायचे आणि फोन ठेवल्यावर नुसते भिंतीकडे बघत बसायचे.

सविताच्या ब्लॉगचं नाव होतं 'माळावरून'. पहिला लेख जेमतेम पानभर. मेंढी व्यायला आली की कशी कळपापासून बाजूला होते, आणि दुष्काळात पान्हा फुटला नाही तर कोकराला बाटलीनं शेळीचं दूध कसं पाजतात, एवढंच. 'ण'च्या जागी 'न', 'हाय', 'व्हतं', 'लई', सगळं बोलते तसं लिहिलेलं. मी तो दोनदा वाचला. सवयीनं एक वाक्य शोधून पाहिलं. कुठंच सापडलं नाही. ते तिचंच होतं.

मी वर घेतला. अभिजितचा लगेच फोन. "शैलाताई, शुद्धलेखन? निदान 'व्हतं'चं 'होतं' तरी करा."

"करणार नाही," मी म्हणाले. साहेबाला 'नाही' म्हणायची हौस बहुधा आत कुठंतरी राहून गेली होती.

मग तिच्याशी फोनवर बोलणं सुरू झालं. खुलताबाद आणि वेरूळच्या मधल्या डोंगराच्या पायथ्याशी त्यांची उंबरवस्ती. धनगरांची घरं. नवरा मेंढरं घेऊन चाऱ्यामागं खानदेशात उतरलेला. घरी सासू, दोन लेकरं आणि चालू न शकणारी पाच-सात मेंढरं. सविता बारावीपर्यंत शिकलेली. दिवसा रोजगार हमीच्या कामावर जायची आणि तिथं दुपारच्या सुट्टीत झाडाखाली बसून मोबाइलवर लिहायची.

"मावशी, तुम्ही माझं खरंच वाचता का?"

"वाचते म्हणून तर वर घेते."

"सोबतच्या बाया म्हणतेत, सविता फोनात काय कुटती? मी म्हणते, बोलते. कुणासंगं? म्हटलं, ते नाय माहीत."

नंतर तिनं विहिरीवर लिहिलं. उंबराची विहीर वस्तीच्या खालच्या अंगाला होती. आजूबाजूच्या गावांच्या विहिरी तळाला गेल्या तरी हिचा झरा चालू. सविताच्या सासऱ्यांच्या वडिलांनी ती खोदलेली, वाटणीत ती ज्या शेतात पडली ते शेत तिच्या दिराचं, वसंताचं. पण विहिरीवर वाटणी कधी चालली नव्हती. मोटार बसवायची नाही, जे काय ते दोरीनं शेंदायचं, ही पद्धत. सकाळी आधी बायकांनी पाणी न्यायचं, मग जनावरांनी. ज्या घरात बाळंतीण असेल त्या घराचा हंडा पहिला. सकाळी बायका तिथं काय बोलतात, कोण कुणाचा हंडा उचलून देतं, पाणी चवीला कसं लागतं. मी वाचता वाचता खुर्चीवरून उठून आत गेले आणि यांना म्हणाले, "ऐका." यांनी चष्मा कपाळावर चढवून सगळं ऐकलं. "चांगलं लिहिते पोरगी," म्हणाले.

वर घेण्याआधी मी तिला फोन केला. माझा नेम होता, गावाची किंवा माणसाची खरी नावं असली तर विचारायचं. "सविता, वस्तीचं नाव ठेवायचं का? काढलं तरी लेखाचं काही बिघडत नाही."

"राहू द्या की मावशी. नाव नसलं तर लोकान्ला खोटं वाटतं. आणि आमच्या वस्तीचं नाव कधी कुठं छापून आलंय? येऊ द्या एकदा."

त्यात तिचा एवढा आनंद होता की मी नाव तसंच ठेवलं.

लेख वाऱ्यासारखा गेला. दोन दिवसांत तो व्हॉट्सअॅपवर फिरायला लागला, कुठं तिच्या नावानं, कुठं नावाशिवाय. आमच्या कॉलनीच्या ग्रुपवरही आला, खाली कुणीतरी हात जोडलेले. रविवारी वेरूळला जाणारी मंडळी वाट वाकडी करून वस्तीवर थांबू लागली. फोटो काढायची, बाटल्या भरून न्यायची. सविता फोनवर हरखून सांगायची, "पुण्याहून एक बाई आल्ती. माझ्यासंगं फोटो काढला. सासूबाईनं तिला च्या पाजला. आमच्या बाया आता मला म्हणतेत, आमच्याबद्दल पण लिव."

इतक्या वर्षांत माझ्या हातून असं काही घडलं नव्हतं. चार लोक वाचतात, दोन छान म्हणतात, संपलं, हीच आमची धाव. तेव्हा महिनाभर मला उगाच उभारी आली होती, हे कबूल करते.

मग एके दुपारी कॉलनीत टँकर आला. नेहमीचा निळा नव्हता, दुसराच होता. पाणी टाकीत पडलं. संध्याकाळी चहा केला तर चहाला चव. शेजारच्या वहिनी भिंतीवरून म्हणाल्या, "कुठून आणलं हो हे? आज डाळ पहिल्या शिट्टीला शिजली!" लोक यांना रस्त्यात थांबवून शाबासकी द्यायला लागले. किती दिवसांनी त्या माणसाचा चेहरा मोकळा दिसला होता. आठवडाभरानं एकदा जेवताना मी विचारलं, "कुठलं पाणी आहे?"

"तुझंच की," ते हसून म्हणाले. "तुझ्या त्या पोरीनं लिहिलं नव्हतं का, उंबराची विहीर? टँकरवाल्याला लेख पाठवला. म्हटलं, बघ जाऊन. शेतमालकाशी त्याचं जमलं."

हातातला घास मी ताटात ठेवला.

"अहो, तिथं मोटार लावत नाहीत."

"आता लावली. अगं, त्याच्या मालकीची विहीर आहे, तो राजीखुशीनं देतोय. आपण काय चोरी करतोय?"

दुसऱ्या दिवशी सविताचा फोन आला. एरवी ती आधी "जेवलात का मावशी" विचारायची. त्या दिवशी नाही.

"मावशी, तो लेख काढून टाका."

"काय झालं?"

"वसंता भावजीनं मोटार बसवली. टँकर येतोय. दोरी टाकली तर गाळ येतोय वर. बाया माझ्यासंगं बोलेनात. मी विहिरीवर गेले की हंडे उचलून लांब जातेत. म्हणतेत, हिनंच जगाला दावली."

मी म्हणाले, "सविता, तो टँकर आमच्या कॉलनीत येतो."

"तुमच्याकडं?"

"हो. काल कळलं मला."

"मंग बंद करा की," ती म्हणाली, आणि तिनं फोन ठेवला.

अभिजितला न विचारता मी लेख उतरवला. तो चिडला. "ताई, आपल्याकडे सगळ्यांत जास्त वाचला गेलेला लेख आहे तो. आणि काढून उपयोग काय? हजार ठिकाणी कॉपी आहेत." त्याचं खरं होतं. मी संध्याकाळभर शोधत बसले. एका पानावर तर विहिरीच्या फोटोवर 'अवश्य भेट द्या' असं लिहून रस्त्याचा नकाशा जोडला होता. मी जिथं सापडेल तिथं विनंती लिहिली, कृपया काढा. दोघांनी काढलं. एकानं विचारलं, तुमचा संबंध काय?

घरात आमचं भांडण झालं. हे ओरडणारे नव्हेत. जितकं बोलणं लागेल तितका आवाज खाली नेतात.

"मी बंद केलं तर उद्या दुसरी कॉलनी घेईल. विहिरीला काय फरक पडतो?"

"आपल्याला पडतो."

"आपल्याला? या एवढ्या घरांना मी काय सांगू? माझी बायको लेख निवडते म्हणून तुम्ही मचूळ पाणी प्या? शैला, समोरच्या म्हाताऱ्याचं डायलिसिस चालू आहे. त्यालाही पाणीच लागतं."

मी एवढंच म्हटलं, "तुम्ही लेख ऐकला होता, विहीर बघितलेली नाही. एकदा चला."

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आपणहून गाडीची किल्ली घेतली.

दौलताबादचा घाट चढून खुलताबाद ओलांडलं, तिथून खाली कच्च्या रस्त्यानं वस्ती. रस्त्याला टँकरच्या चाकांच्या खोल चाकोऱ्या पडलेल्या. सविताला मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. सडसडीत, उन्हानं रापलेली, डोक्यावर पदर. तिनं या म्हटलं नाही आणि जाही म्हटलं नाही. आतून सासू आली, घोंगडं अंथरलं आणि तांब्या-फुलपात्र समोर ठेवलं. पाणी वस्त्रगाळ केलेलं होतं, तरी गढूळ दिसत होतं.

"प्या, बाबा," म्हातारी यांना म्हणाली. "लांबून आलात."

यांनी फुलपात्र हातात धरलं. चाळीस वर्षं पाण्याच्या खात्यात काढलेला माणूस. त्यांनी पात्रातलं पाणी एकदा निरखून पाहिलं आणि ते सगळं प्यायले. मग म्हणाले, "आजी, टँकर आमच्याकडे येतो. मीच लावलाय तो."

म्हातारीनं फुलपात्र परत घेतलं. "मंग घरी चांगलं मिळत आसंल प्यायला," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, माहिती विचारावी तसं ती म्हणाली. हे मान खाली घालून "हो" म्हणाले.

आम्ही विहिरीवर गेलो. तळाशी घोंगडीएवढं पाणी उरलेलं. मोटारीचा काळा पाइप आत लोंबत होता. कठड्यावर तीन-चार बायका दोऱ्या घेऊन बसलेल्या, झरा भरायची वाट बघत. सविता आल्यावर त्या सरकून बसल्या. आम्ही आलो म्हणून सरकल्या की ती आली म्हणून, ते कळलं नाही. वसंता शेतातून आला. तिशीतला, अंगात शहरातला टी-शर्ट.

"आमच्या कॉलनीचं आजपासून बंद," हे त्याला म्हणाले.

"बंद करा. तुमची एकलीच कॉलनी हाय व्हय शहरात?" तो म्हणाला. मग सविताकडे बोट करून, "हिनं लिवलं तवा समद्यांनी टाळ्या वाजवल्या. आता माझ्याच नावानं का बोंब? माझी पोरं काय दगड खातेत?"

त्याचंही तसं खोटं नव्हतं. तीन वर्षं त्याच्या शेतात काही पिकलं नव्हतं. पाणी हेच त्याला सापडलेलं पीक. परतताना घाटात गाडी थांबवून ते बाहेर जाऊन उभे राहिले, मी आत बसून राहिले.

कॉलनीची मीटिंग झाली. यांनी उभं राहून सांगितलं, की तो टँकर मी बंद केलाय, विहीर आटत चाललीय. पहिल्यांदा कुणाला कळलंच नाही. मग कळलं तसा गोंधळ झाला. "तुम्ही कुणाचे सेक्रेटरी? आमचे का त्यांचे?" एक गृहस्थ माझ्याकडे बघून म्हणाले, "घरात समाजसेवा आणि आम्हाला खारं पाणी." यांनी कॉलनीच्या गेटच्या किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला आणि आम्ही घरी आलो. नवा सेक्रेटरी झाला. आठवड्याच्या आत त्यानं तोच टँकर पुन्हा लावला. आमच्या टाकीत मात्र हे ते पाणी घेऊ देत नव्हते. आम्ही जुन्या निळ्या टँकरवाल्याकडून मचूळ पाणी घ्यायचो. शेजारच्या वहिनींनी भिंतीवरून बोलणं बंद केलं.

मला वाटलं, संपलं. विहीर गेली, पोरीचं लिहिणं गेलं, आपला शेजारही गेला.

संपू दिलं नाही ते सविता आणि तिच्या सासूनं. धनगर मेंढरं रात्री कोंडायला शेतात जाळीचं कुंपण उभं करतात, त्याला वाघर म्हणतात. सासू-सुनांनी ते वाघर टँकरच्या रस्त्यावर उभं केलं, बरोब्बर चाकोऱ्यांवर, आणि आत ती लंगडी-म्हातारी मेंढरं कोंडली. रस्ता सरकारी, कुणाच्या वाटणीतला नाही. टँकर आला, थांबला. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. मेंढरं हॉर्नला हलत नाहीत, उलट एकमेकांच्या पोटाखाली तोंडं घालून घट्ट होतात. वसंता धावत आला. वाघराची खुंटी उपटायला वाकला, तर आत त्याची स्वतःची आई बसलेली.

हे सगळं मला सवितानंच नंतर फोनवर सांगितलं. "आई, उठ," तो म्हणाला. "नाय उठत," म्हातारी म्हणाली, "टँकर अंगावरून ने." दुपारपर्यंत एक बाई येऊन बाजूला बसली. मग दुसरी. ज्या सविताशी बोलत नव्हत्या त्याच. दुसऱ्या दिवशी सगळी वस्ती. टँकरवाल्याला एका जागी उभं राहणं परवडत नाही, त्याला दिवसाच्या खेपा हव्या असतात. चार-पाच दिवस त्यानं खेटे घातले आणि मग दुसरीकडची विहीर धरली. तिथल्या लोकांचं काय झालं, ते मला ठाऊक नाही. आमच्या कॉलनीत तो येतच राहिला.

वसंतानं मोटार काढली, पण दोन्ही घरांचं येणंजाणं तुटलं. म्हातारी जाईपर्यंत तो आईशी बोलला नाही. तिच्या मयतीला खांदा दिला, तेवढाच.

मी तेव्हा सविताला म्हणाले होते, "हे लिही. विहिरीपेक्षा मोठं आहे हे."

"नाय मावशी. लिवलं की कुणीतरी येतंय."

त्यानंतर 'माळावरून' ब्लॉगवर काही आलं नाही. मी आणखी काही वर्षं निवडत राहिले, पण मन उडालं होतं. लेख उघडला की आधी त्यात गावाचं नाव शोधायचे. कुठं कुणी झऱ्याबद्दल, देवराईबद्दल, मधाच्या पोळ्यांच्या कड्याबद्दल मन लावून लिहिलेलं असलं की हात थांबायचा. अभिजित म्हणायचा, "ताई, तुम्ही हल्ली चांगले लेखच खाली ठेवताय." पुढे लोक दुसऱ्या जागांवर गेले, छोटं छोटं लिहायला लागले, ढाळजेत शुकशुकाट झाला. एक दिवस मी अभिजितला फोन करून सांगितलं, डोळे दुखतात. त्यानं थांबा म्हटलं नाही.

मागच्या हिवाळ्यात क्रांती चौकात औषधं घ्यायला गेले होते. हे आता फारसे बाहेर पडत नाहीत. दुकानाच्या पायरीवरून उतरले तर कुणीतरी "मावशी!" म्हणून दंड धरला. सविता. केसांत थोडं पांढरं, पायात चांगल्या चपला. लेक इथं नर्सिंगला आहे, तिला भेटायला आली होती. यांची चौकशी केली. विहिरीला पाणी बरं आहे म्हणाली. रिक्षांच्या आवाजात आम्ही एकमेकींच्या कानाशी तोंड नेऊन बोलत होतो.

शेवटी मी विचारलंच. "लिहिणं सुटलं ना?"

"कुठं सुटतंय? हाय की फोनात. कुणाला दावत नाय."

"मला दाखवतेस?"

तिनं पिशवीतून फोन काढला, बोटानं शोधलं आणि माझ्या हातात दिला. औषधाच्या दुकानाच्या कडेला, भिंतीला टेकून मी वाचलं. तिच्या सासूवर होतं. म्हातारी आजारात शेवटी शेवटी कोकरांची नावं घ्यायची, आणि ज्या ज्या कोकराचं नाव घेतलं ते पुढं कुणाला विकलं ते सांगायची, पण विकलेल्यापैकी एकाचंही वाईट झालं असं कधी म्हणाली नाही. मला चष्मा काढावा लागला. मी पुन्हा वरून वाचायला सुरुवात केली. कुणी धक्का मारून गेलं, कुणी बाजूला व्हा म्हणालं. चूक शोधली नाही, मथळा सुचवला नाही. किती वर्षांनी नुसतं वाचत होते.

फोन परत दिला तेव्हा ती माझ्याकडे लेकरासारखी बघत होती.

"कसं हाय?"

"फार चांगलं आहे गं."

"वर घेतलं असतं का?" तिनं विचारलं.

"नाही," मी म्हणाले.

ती हसली, तोंडावर पदर धरून खूप हसली. मग फोन पिशवीत घातला, वरून मफलर घातला, पिशवीचं तोंड आवळलं, आणि बसस्टँडकडे जाणारी रिक्षा थांबवायला हात केला.